शिटाकेचा चहा: भिजवण्यापासून गाळण्यापर्यंत, आणि गाळणीत उरलेल्या तुकड्यांचंही

मशरूमचा चहा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आपला दूध-साखरेचा उकळता चहा येतो आणि त्यात मशरूम ही कल्पनाच नकोशी वाटते. म्हणून आधी एवढं सांगते: यात चहापत्ती नसते, दूध नसतं, कॅफिनही नसतं. आपल्या घरातल्या शब्दात सांगायचं तर हा काढा. वाळवलेलं मशरूम भिजवायचं, मंद आचेवर शिजवायचं, गाळायचं आणि गरम असतानाच प्यायचं. रात्री जेवणानंतर घेतला तरी झोप उडत नाही. नशेसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘मॅजिक मशरूम’शी याचा काहीही संबंध नाही, त्यातल्या सायलोसायबिनवर आपल्याकडे अमली पदार्थविरोधी कायद्याने बंदी आहे.

मी गेली चार वर्षं हा चहा करते आहे. सुरुवात झाली ती बहिणीने सिंगापूरहून आणलेल्या वाळलेल्या शिटाके मशरूमच्या पाकिटाने. पहिल्या दिवशी मी ते तुकडे थेट उकळत्या पाण्यात टाकले, दहा मिनिटांनी गाळले, आणि जे पाणी हाती आलं त्याला ना धड वास होता ना चव. पाकीट महिनाभर तसंच पडून राहिलं. पुढे वाचत गेले, करून पाहत गेले, तेव्हा लक्षात आलं की या चहात सगळी करामत पाण्याच्या तापमानाची आणि वेळेची आहे. ती एकदा समजली की कृती अगदी सोपी आहे.

कोणतं मशरूम घ्यायचं

नव्याने सुरुवात करत असाल तर वाळलेलं शिटाके घ्या. हे मूळचं पूर्व आशियातलं मशरूम. जपानमध्ये ओक जातीच्या झाडांच्या ओंडक्यांना भोकं पाडून त्यात बीज भरतात आणि ओंडके झाडांच्या सावलीत रचून ठेवतात. क्युशू बेटावरचा ओइता प्रांत वाळवलेल्या शिटाकेसाठी जपानमध्ये पहिल्या क्रमांकावर आहे. तिकडे जाड, बंद छत्रीच्या शिटाकेला ‘डोंको’ म्हणतात आणि पातळ, उघडलेल्या छत्रीच्या शिटाकेला ‘कोशिन’. चहासाठी पातळ छत्री चालते, लवकर भिजते. जाड छत्री नंतर खायला जास्त चांगली लागते.

आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या सुपरमार्केटमध्ये आणि ऑनलाइन वाळलेलं शिटाके मिळतं. अख्खं घ्या, पूड घेऊ नका. अख्ख्या मशरूममध्ये आपल्याला दिसतं की आपण काय विकत घेतोय. पुडीत नुसतं मशरूम आहे, की ते ज्या धान्यावर वाढवलं त्याचं पीठही सोबत दळलं आहे, हे डोळ्यांना कळत नाही. पाकिटावर अन्न परवान्याचा क्रमांक, पॅकिंगची तारीख आणि कुठून आलं ते लिहिलेलं असावं. मशरूम ज्यावर वाढतं त्यातले जड धातू सहज शोषून घेतं, त्यामुळे सुट्या, निनावी मालाच्या वाटेला मी जात नाही. पाकीट उघडल्यावर वास घ्या. चांगल्या शिटाकेला लाकडासारखा, किंचित धुरकट, खमंग वास येतो. कुबट वास आला, हाताला ओलसर लागलं किंवा गंधकासारखा उग्र दर्प आला तर परत करा.

शिटाके महाग वाटत असेल तर आपल्या जवळ मिळणारी धिंगरी आहेच. कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांत जिला धिंगरी अळिंबी म्हणतात, तीच ही शिंपल्याच्या आकाराची. सोयाबीनच्या किंवा गव्हाच्या काडावर, पिशव्यांमध्ये ती राज्यभर अनेक शेतकरी घेतात. तिचा चहा शिटाकेइतका दाट होत नाही, पण सौम्य आणि गोडसर होतो.

धिंगरी घरी वाळवणं फार सोपं आहे. ताजी धिंगरी घ्या, धुऊ नका, ओल्या फडक्याने पुसा आणि हातानेच उभ्या पट्ट्या फाडा. स्वच्छ सुती कापडावर पसरा आणि छत्रीच्या खालची झालर वर करून ठेवा. याला कारण आहे. मशरूममध्ये अर्गोस्टेरॉल नावाचा घटक असतो, आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचं ड जीवनसत्त्व तयार होतं. दुपारच्या उन्हात, झालर वर करून, पाव तास ते दोन तास ठेवलं तरी ते चांगल्या प्रमाणात तयार होतं. पूर्ण वाळायला मात्र कडक ऊन असेल तर दोन दिवस लागतात. तुकडा मोडल्यावर कट्कन आवाज आला पाहिजे. वाकला तर अजून एक ऊन द्या. आमच्या गच्चीवर पापड-कुरडयांच्या शेजारीच तिची चादर पडलेली असते. ताज्या मशरूममध्ये साधारण नव्वद टक्के पाणी असतं, त्यामुळे २०० ग्रॅमचं जाळीदार खोकं वाळून जेमतेम २० ग्रॅम उरतं. ते पाहून दचकू नका. पावसाळ्यात हा उद्योग करू नका, बुरशी धरते.

रानातलं नको

हे ठळक सांगायला हवं, कारण ‘नैसर्गिक’ म्हटलं की माणूस बेसावध होतो. पहिल्या पावसानंतर वारुळांवर अळंबी उगवते, पूर्व विदर्भात सात्या विकायला येतात, गोव्यात जुलैच्या सुमारास रस्त्याकडेला पानांत बांधलेली अळमी दिसते. ती ओळखणारी माणसं पिढ्यान् पिढ्या त्या रानात वावरलेली असतात. आपण शहरातून सहलीला जाऊन, फोटो जुळवून, छत्री तोडून आणायची आणि तिचा काढा करायचा हे जिवावर बेतू शकतं. अमानिटा वंशातल्या काही जातींत अमाटॉक्सिन नावाचं विष असतं. ते उकळून जात नाही आणि वाळवूनही जात नाही. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब सुरू होतात, मग एखादा दिवस बरं वाटतं आणि त्या बरं वाटण्याच्या काळातच यकृत निकामी होत असतं. आसामात रानमशरूम खाऊन चहाच्या मळ्यांतले कामगार आणि त्यांची मुलं दगावल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात. चांदीचं नाणं काळं पडतं का, लसूण रंग बदलते का, किडे लागलेत का, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. बंगल्यापुढच्या हिरवळीवर उगवलेली पांढरी छत्रीसुद्धा नको. चहासाठी फक्त लागवडीचं, विकत घेतलेलं मशरूम घ्यायचं.

कृती

दोन माणसांसाठी १० ग्रॅम वाळलेलं शिटाके, म्हणजे मध्यम आकाराच्या तीन छत्र्या, आणि ६०० मिली पाणी. घरात छोटा वजनकाटा नसेल तर छत्र्या मोजा, तेवढं पुरतं. धिंगरी असेल तर वाळलेल्या पट्ट्यांची सैल भरलेली एक मोठी वाटी.

छत्र्या नळाखाली झटकन धुवा. झालरीत भुसा किंवा माती अडकलेली असते, ती बोटाने किंवा जुन्या मऊ ब्रशने काढा. मग काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात गार पाण्यात बुडवा, वर छोटी ताटली ठेवा म्हणजे तरंगणार नाहीत, आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवा. रात्री झोपताना भिजवलं की सकाळी तयार. आठ तास तरी हवेतच.

फ्रिजच का, हा प्रश्न मला सगळेच विचारतात. आपल्याला सवय आहे कोमट पाण्यात भिजवायची, लवकर होतं म्हणून. शिटाकेच्या बाबतीत तिथेच चव हातची जाते. शिटाकेची जी खोल, जिभेवर रेंगाळणारी चव आहे ती ग्वानिलेट नावाच्या पदार्थामुळे. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्रशैवालाच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ नाव दिलं. शिटाकेतलं ग्वानिलेट १९५७ मध्ये अकिरा कुनिनाका यांनी ओळखलं. ते सोया सॉस बनवणाऱ्या कंपनीत संशोधक होते. गंमत अशी की ताज्या शिटाकेत हे फारसं नसतंच. वाळवताना पेशी फुटतात, आणि नंतर पाण्यात तापताना मशरूममधलंच एक विकर (एन्झाइम) पेशींतलं आरएनए तोडून ग्वानिलेट तयार करतं. हे विकर साधारण ६० ते ७० अंशांना जोरात काम करतं. पण ४० ते ५० अंशांच्या आसपास दुसरं एक विकर जागं असतं, ते तयार झालेलं ग्वानिलेट मोडून टाकतं. कोमट पाणी म्हणजे नेमकं त्या दुसऱ्याचं राज्य. म्हणून भिजवायचं गार पाण्यात, कोमटाचा टप्पा झपाट्याने ओलांडायचा, आणि मग ६०-७० अंशांना थोडं थांबायचं. माझ्या पहिल्या दिवशीच्या फसलेल्या चहाचं कारण हेच होतं: उकळत्या पाण्याने दोन्ही विकरं एकदमच गारद झाली.

आता भिजलेल्या छत्र्या बाहेर काढा. त्या फुगून मांसल झालेल्या असतील आणि पाणी पातळ गुळवणीच्या रंगाचं झालेलं असेल. हे पाणी ओतून द्यायचं नाही, तोच चहा आहे. तळाला गाळ बसला असेल तर वरचं पाणी अलगद पातेल्यात ओता आणि शेवटचा चमचाभर गाळ टाकून द्या. देठ कात्रीने कापून वेगळे करा, छत्रीचे बोटभर जाडीचे काप करा आणि सगळं, देठांसकट, त्याच पाण्यात घाला.

गॅस आधी मध्यम ठेवा. थर्मामीटर लागत नाही. पातेल्याच्या तळाला बारीक बुडबुडे धरू लागले आणि पाण्यावर वाफेचा पातळ पडदा दिसू लागला, पण पाणी अजून हलत नाही, की आच अगदी बारीक करा. दहा मिनिटं तसंच राहू द्या. याच वेळी स्वयंपाकघरात वास पसरतो. आमच्या आईंना मशरूम मुळीच आवडत नाही, पण या वेळी त्या दारात येऊन विचारतात, आज काय शिजतंय. दहा मिनिटांनी आच थोडी वाढवा, उकळी येऊ द्या आणि मग झाकण अर्धवट ठेवून मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटं शिजवा. वर फेस आला तर चमच्याने काढा.

ही शेवटची उकळी टाळू नका. मशरूमच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात, भाजीच्या पेशींपेक्षा चिवट. त्यातली बीटा-ग्लुकान नावाची विद्राव्य कर्बोदकं पाण्यात उतरायला गरम पाणी आणि वेळ दोन्ही लागतं. दुसरं कारण सुरक्षिततेचं. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं शिटाके खाल्ल्यावर काही लोकांच्या अंगावर चाबकाचे वळ उठावेत तशा लाल रेषा उठतात आणि भयंकर खाज सुटते. १९७७ मध्ये जपानमध्ये याची पहिली नोंद झाली. आपोआप बरं होतं, पण काही दिवस हाल होतात. म्हणून पूड वापरत असाल तरी ती नुसती गरम पाण्यात ढवळून पिऊ नका, तीही उकळा.

गॅस बंद केला की पाच मिनिटं झाकून ठेवा आणि बारीक गाळणीतून गाळा. साधारण दोन कप चहा मिळेल. रंग कोऱ्या चहासारखा तपकिरी, किंचित दाटसर.

चव जुळवताना

पहिला घोट काहीही न घालता घ्या, म्हणजे मूळ चव कळेल. मग चिमूटभर मीठ घाला. मीठ पडताच चव एकदम उघडते, आणि मला हा चहा असाच आवडतो. जपानमध्ये ‘शिटाके-चा’ म्हणून जे पेय मिळतं तेही खारटच असतं. आलं घालायचं असेल तर शेवटच्या दहा मिनिटांत, ठेचून नाही तर चकत्या करून. गवती चहाची एक दोन पाती चालतात, मिरीचे चार दाणे चालतात. दालचिनी आणि लवंग मी घालत नाही, त्यांच्यापुढे मशरूमचा वास टिकत नाही. गूळ घालून पाहिला, मला पटला नाही. धिंगरीच्या चहाला मात्र तो बरा लागतो. दूध नको. दुधाने चव चपटी होते.

हेच पाणी टोमॅटोच्या सारात पाण्याऐवजी घालून पाहा. टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर असतं, आणि ग्लुटामेट व ग्वानिलेट एकत्र आले की त्यांची चव नुसती बेरीज होत नाही, कित्येक पटींनी वाढते. फोडणी नेहमीचीच, तूप-जिरं. मीठ कमी लागतं, हे रक्तदाब असलेल्या घरात फार उपयोगाचं आहे.

चहा उरला तर झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतो, पिताना पुन्हा उकळायचा. भिजत घातलेलं मशरूम मात्र ओट्यावर, उन्हाळ्याच्या दिवसांत, तासन् तास ठेवू नका. चीनमध्ये काळं कानमशरूम दोन-दोन दिवस पाण्यात ठेवून खाल्ल्यामुळे प्राणघातक विषबाधा झालेल्या आहेत. त्यातला जिवाणू जे विष बनवतो ते शिजवूनही जात नाही.

फायदे किती खरे

शिटाकेने कर्करोगही बरा होतो असं सांगणारे संदेश मोबाइलवर फिरतात, आता त्यांच्याकडे वळू. शिटाकेवरचा मला विश्वासार्ह वाटणारा एक अभ्यास अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. ५२ निरोगी तरुण माणसांना चार आठवडे रोज ५ किंवा १० ग्रॅम वाळलेलं शिटाके, शिजवून, खायला दिलं. त्यांच्या रोगप्रतिकारक पेशींचं काम सुधारलं आणि दाह दाखवणारा सीआरपी हा घटक कमी झाला. १० ग्रॅम म्हणजे आपल्या दोन कपांत घातलेलं सगळं मशरूम, एकाच माणसाने. दुसरा अभ्यास सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाचा, २०१९ मध्ये आलेला. साठीच्या पुढच्या सहाशेहून अधिक लोकांत, आठवड्याला ३०० ग्रॅमपेक्षा जास्त शिजवलेलं मशरूम खाणाऱ्यांमध्ये विस्मरणाच्या सुरुवातीच्या टप्प्याचं प्रमाण जवळपास निम्मं आढळलं. हा पाहणीवर आधारित अभ्यास आहे. मशरूम खाणारी माणसं इतर बाबतीतही तब्येत सांभाळणारी असू शकतात, त्यामुळे मशरूमनेच हे झालं असं त्यावरून सिद्ध होत नाही. संशोधकांचं लक्ष मात्र अर्गोथायोनिन या घटकाकडे गेलं. हा ऑक्सिडीकरणाला विरोध करणारा पदार्थ आपलं शरीर तयार करू शकत नाही, पण तो पेशींत ओढून घेण्यासाठी शरीरात एक खास वाहक प्रथिन आहे, हे २००५ मध्ये समजलं. शिटाके आणि धिंगरी, दोन्हींत तो चांगला असतो. तो पाण्यात विरघळतो आणि उकळण्याने सहसा नष्ट होत नाही, म्हणजे चहात उतरतो.

दोन्ही अभ्यास पुन्हा वाचून पाहा. दोन्हींत माणसांनी मशरूम खाल्लं आहे. नुसतं उकळलेलं पाणी पिऊन काय होतं, याचा हा पुरावा नव्हे. ड जीवनसत्त्व पाण्यात विरघळत नाही, ते तुकड्यांतच राहतं. न विरघळणारा तंतू तुकड्यांत राहतो, प्रथिनं बहुतांश तुकड्यांत राहतात. म्हणून मी प्रत्येकाला एकच गोष्ट बजावते: गाळणीत उरलेलं टाकू नका. चहा प्यायचा आणि मशरूम खायचं, तेव्हा कुठे तुम्ही त्या अभ्यासांतल्या लोकांच्या जवळपास येता.

शिटाकेने कर्करोग बरा होतो, हा दावा जिथून उगवला ते ठिकाणही माहीत असू द्या. शिटाकेतून वेगळं काढलेलं लेंटिनान हे शुद्ध द्रव्य जपानमध्ये १९८० च्या दशकात जठराच्या कर्करोगात केमोथेरपीच्या जोडीला वापरण्यासाठी मंजूर झालं. ते शिरेतून, इंजेक्शनने देतात. कपातल्या चहाचा त्याच्याशी संबंध लावणं म्हणजे रुग्णाची फसवणूक आहे.

रेशीबद्दल वेगळं बोलायला हवं

आपल्याकडे ‘मशरूमचा चहा’ म्हणून सगळ्यात जास्त खपवलं जातं ते रेशी, चिनी नाव लिंगझी. लाखेसारखी चकचकीत लाल, लाकडासारखी टणक छत्री. चीनच्या जुन्या औषधग्रंथांत हिला मोठा मान आहे. ही खाता येत नाही, फक्त काढाच करता येतो. वाळलेल्या चकत्या ३ ग्रॅम, पाणी एक लिटर, मंद आचेवर दीड ते दोन तास, पाणी निम्मं होईपर्यंत. चव कडू असते, किराईताची आठवण यावी इतकी; तो कडूपणा ट्रायटर्पिन नावाच्या घटकांचा. चव गोडसर किंवा कॉफीसारखी लागली तर त्यात रेशी फारच थोडं आहे असं समजा.

पुरावा काय म्हणतो? जगभरचे वैद्यकीय प्रयोग तपासून निष्कर्ष काढणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने रेशीचा दोनदा धांडोळा घेतला. मधुमेही लोकांच्या हृदयविकाराच्या जोखमीवर तिचा उपयोग होतो असं २०१५ च्या आढाव्यात दिसलं नाही. कर्करोगावर मुख्य उपचार म्हणून ती वापरावी असा पुरावा नाही, हे दुसऱ्या आढाव्यात आहे. साखळी पद्धतीने पावडर विकणारे लोक साखर, रक्तदाब, कर्करोग अशी यादी वाचून दाखवतात. अशा आजारांवर रामबाण म्हणून जाहिरात करणं आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

माझ्या मावशींना रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे. ओळखीतल्या कोणीतरी त्यांना रेशीची पूड दिली आणि त्या तीन महिने रोज घेत होत्या. दात काढायच्या वेळी डॉक्टरांनी चालू औषधं विचारली तेव्हा त्यांनी ही सांगितली नाही, कारण त्यांच्या मते तो चहा होता. रक्त थांबायला खूप वेळ लागला, दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं. त्याला पूडच कारणीभूत होती असं छातीठोक सांगता येणार नाही, पण रेशीने रक्त गोठण्याची क्रिया मंदावू शकते हे माहीत असलेलं आहे, आणि डॉक्टरांनी ती लगेच बंद करायला लावली. मावशींनी सांगितलं असतं तर शस्त्रक्रियेआधीच ती बंद झाली असती.

तेव्हा रक्त पातळ करणारी औषधं, मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं, अवयव प्रत्यारोपणानंतरची किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, शस्त्रक्रिया ठरली असेल, किंवा गरोदरपण-स्तनपानाचा काळ असेल, तर रेशी नको. यकृताचा आजार असलेल्यांनीही नको. पुडीमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनी त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताच मशरूमचा चहा सुरू करू नये.

शिटाके आणि धिंगरी त्या मानाने रोजचं अन्नच आहे. तरी युरिक ॲसिड वाढलेलं असेल, गाऊटचा त्रास असेल तर जपून. ज्या ग्वानिलेटमुळे चव येते ते, ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनतं, त्या प्युरिनच्याच कुळातलं आहे, आणि ते सगळं पाण्यात उतरलेलं असतं. मशरूमची ॲलर्जी असेल तर अर्थातच नाही. पहिल्यांदा घेताना अर्धा कप घ्या आणि एक दिवस थांबा. काहींना पोटात वायू धरतो.

चागा नावाचं आणखी एक मशरूम ऑनलाइन दिसतं. सायबेरियात भूर्जवृक्षावर वाढणारा तो कोळशासारखा काळा गोळा. रशियात त्याचा चहा पितात. त्यात मूतखडे बनवणारं ऑक्झलेट फार असतं, रोज घेऊन मूत्रपिंड निकामी झाल्याची जपानमधली नोंद आहे. मूतखड्याची तक्रार आपल्याकडे घरोघर आहे, म्हणून नवख्यांनी याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गाळणीत उरलेलं

शिटाकेचे काप पिळून घ्या, पिळलेलं पाणी चहात. कढईत चमचाभर तेल तापवून ठेचलेला लसूण आणि उभा चिरलेला कांदा परता, कांदा कडांना लाल झाला की काप घाला, मीठ, मिरपूड आणि आवडत असेल तर थोडा काळा मसाला. मोठ्या आचेवर चार मिनिटं, कापांच्या कडा कुरकुरीत होईपर्यंत. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर हे आमच्याकडे दुपारच्या डब्यात जातं. तेलात परतल्यामुळे कापांतलं ड जीवनसत्त्वही अंगी लागायला मदत होते. धिंगरीचे तुकडे मऊ पडलेले असतात, ते बारीक चिरून थालीपिठाच्या पिठात मळा.

देठ मात्र शिजूनही चिवट राहतात. त्यांचे हाताने धागे काढा, आमटीत छान लागतात. तेवढा वेळ नसेल तर डब्यात घालून फ्रीझरमध्ये टाका. पुढच्या खेपेला तीनऐवजी दोनच छत्र्या भिजवा आणि साठलेले देठ सोबत उकळा. वाळलेलं मशरूम उरलं असेल ते घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, अंधाऱ्या फडताळात. कोकणात, मुंबईत हवा दमट असते, तिथे बरणी फ्रिजमध्येच ठेवा आणि पावसाळा सुरू व्हायच्या आधी एकदा सगळं बाहेर काढून ऊन दाखवा.